वाऱ्याचा बोळ

फ्राउ केस्टनर यांच्या वहीत ११ डिसेंबरच्या ओळीसमोर लाल ठिपका होता. सोमवार, सकाळचे आठ पस्तीस, वारा पश्चिमेचा, जरा दक्षिणेकडे कललेला. वरच्या ओळीत पिवळा ठिपका, त्याच्या वर पुन्हा लाल. शाळेतल्या मुलांकडे असते तशी चौकटींची वही होती, आणि ठिपके रंगीत पेन्सिलीने गोल काढून नीट भरलेले होते. ज्ञानदाने मागची पानं उलटली. सप्टेंबरात बहुतेक ठिपके हिरवे होते. नोव्हेंबरपासून हिरवा शोधावा लागत होता.

"फोटो काढा हवे तर," फ्राउ केस्टनर म्हणाल्या. "वही मात्र देता यायची नाही. मला ती रोज दहा वाजता लागते."

ज्ञानदाला वाटलं, दहा वाजता रहिवासी खालच्या सामायिक खोलीत जमत असतील, तक्रारीचा पुढचा कागद तयार करत असतील. तिने विचारलं नाही. मोबाइलवर सहा पानांचे फोटो काढले, समोरची कॉफी संपवली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. दुपारचे साडेतीन झाले होते आणि अंगणातले दिवे लागले होते. अंगणापलीकडे पश्चिमेच्या इमारतीच्या पोटात दोन मजले उंच आणि पाच मीटर रुंद अशी एक आरपार मोकळीक होती. त्यातून एक बाई कोटाची कॉलर धरून, अंग तिरकं करून आत येत होती. आत आल्यावर ती थांबली, भिंतीला टेकली आणि मग सरळ चालायला लागली.

ती मोकळीक ज्ञानदाने काढली होती.

हॅनोव्हरच्या उत्तरेकडच्या वस्तीत एका गृहनिर्माण संस्थेने वृद्धांसाठी बासष्ट घरं बांधायची ठरवली तेव्हा ज्ञानदा लिंडनर यांच्या वास्तुरचना कार्यालयात तीन वर्षं जुनी होती. बारा माणसांचं कार्यालय. स्पर्धेसाठी लिंडनरनी काढलेलं पहिलं रेखाटन चारी बाजूंनी बंद होतं, मधे अंगण आणि ये-जा उत्तरेकडच्या एका दारातून. ज्ञानदाला ते बघूनच कोंडल्यासारखं झालं. तिने त्यावर पारदर्शक कागद ठेवला आणि पश्चिमेची बाजू मधोमध फोडली. समोर पूर्वेला जिन्याजवळ दुसरी, लहान फट ठेवली. वारा एकीकडून येईल, अंगण ओलांडेल आणि दुसरीकडून जाईल. स्वतःच्या वहीत तिने त्या जागेला नाव दिलं होतं, बोळ.

हे ती कॉलेजात शिकली नव्हती. तिचे वडील, श्रीपाद, सोलापुरात तीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढत आले. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण कुणाच्याही प्लॉटवर गेले की आधी ओला रुमाल हातात धरून उभे राहायचे आणि तो कुठल्या बाजूने आधी वाळतो ते बघायचे. मग समोरासमोर उघडं ठेवायचं, मधे भिंत आली तर तिला झरोका ठेवायचा. घरात वारा खेळता राहिला पाहिजे, हे ज्ञानदाने इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला तो नियम वाटतच नव्हता, श्वासासारखा तो आपोआप चालायचा.

परीक्षकांना बोळ आवडला. श्वास घेणारं अंगण, असं त्यांनी अहवालात लिहिलं. स्पर्धेच्या चित्रात निळं आकाश होतं, झाडांना पानं होती, बाकांवर माणसं बसली होती, आणि बोळात पडलेली सावली हवीहवीशी वाटत होती. पहिला क्रमांक मिळाला. पुढे अग्निशमन दलाच्या नियमांनुसार अंगणात बंब नेण्याची वाटही त्याच बोळातून काढली गेली, त्यामुळे तिथे दार बसवता येणार नाही हेही ठरलं. ट्रामचा थांबा पश्चिमेला होता म्हणून सगळी माणसंही तिथूनच जाऊ-येऊ लागली. उरला गॅरेजच्या बाजूचा मागचा रस्ता. तिथे तीन पायऱ्या होत्या. तीन पायऱ्या म्हणजे काहीच नाही, पण चाकाची ढकलगाडी धरून चालणाऱ्या माणसाला त्या भिंतीसारख्या असतात, आणि बासष्टपैकी चाळीस घरांत तशी ढकलगाडी होती.

माणसं मे महिन्यात राहायला आली. उन्हाळा छान गेला. ५ डिसेंबरला, मंगळवारी सकाळी, हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांट नावाचे शहात्तर वर्षांचे गृहस्थ बोळात पडले. वरती तीन मजले असल्याने तिथे ऊन कधीच पोचत नव्हतं. डिसेंबरात तसंही सूर्य भर दुपारी क्षितिजाच्या जेमतेम वर येतो, आणि तोही ढगांमागे. रात्रीचं पाणी तिथे काचेसारखं गोठून राहायचं आणि वारा त्यावर टाकलेली वाळू झाडून न्यायचा. ब्रांट यांच्या मांडीचं हाड मोडलं.

तीन दिवसांनी रहिवाशांचं पत्र आलं. मागणी साधी होती. हिवाळ्यात बोळ चालणाऱ्यांसाठी बंद करावा, आणि गॅरेजकडच्या तीन पायऱ्यांवर उतार बसवावा. संस्थेने पत्र लिंडनरांकडे पाठवलं. लिंडनरनी ज्ञानदाला सांगितलं, वाऱ्याचा अहवाल जोडून उत्तर पाठवून दे, त्यात जागा चालण्यासाठी सुखकर असल्याचं लिहिलंच आहे.

११ तारखेला सकाळी तिने फाइल उघडली. अहवाल तिनेच केला होता, दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी, बांधकाम परवानगीच्या घाईत. निष्कर्ष पहिल्या पानावर होता. तो जोडायचा आणि पाठवायचं, एवढंच काम. पण तिला आकडे मागून पुढे बघायची सवय होती. शेवटच्या पानावर, तक्त्याच्या डोक्यावर, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: जून ते ऑगस्ट.

तिने ते तीनदा वाचलं. मग मूळ हवामानाची फाइल काढली. घरं उन्हाळ्यात तापतील का हे तपासायला तिने विमानतळावरच्या नोंदींतून तीन महिन्यांचे आकडे काढले होते. वाऱ्यासाठीही तीच फाइल वापरली होती. बारा महिन्यांची फाइल शेजारच्याच फोल्डरमध्ये होती. ती घालून गणित पुन्हा चालवायला अकरा मिनिटं लागली. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बोळात दर तिसऱ्या दिवशी वारा म्हाताऱ्या माणसाचा तोल घालवण्याइतका होता.

त्याच दुपारी ती जागेवर गेली आणि फ्राउ केस्टनर यांनी तिला बोळातून हाताला धरून आत नेलं. म्हणजे ज्ञानदाने त्यांना धरलं होतं, पण ओढत त्याच होत्या. एक्याऐंशी वर्षांची, अंगाने चिमणीएवढी बाई. त्यांचे यजमान गेल्या वसंतापासून तीन थांबे पलीकडच्या शुश्रूषागृहात होते, आणि त्या रोज सकाळी ढकलगाडी घेऊन ट्रामने त्यांच्याकडे जायच्या. एकही दिवस चुकवलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. वाऱ्यात ढकलगाडी शिडासारखी फिरते, हेही सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

"संस्थेचे लोक म्हणतात, शास्त्रीय अहवाल आहे, सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ते शास्त्र करणाऱ्या माणसाला एकदा आठ पस्तीसला इथे उभं करायला हवं."

ज्ञानदाने तो माणूस आपण आहोत हे सांगितलं नाही. लिंडनर यांच्या कार्यालयातून पाहणीला आले आहे, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने लिंडनर यांच्यासमोर दोन्ही तक्ते ठेवले. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, हे आणखी कुणी पाहिलं आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी शांतपणे समजावलं. अहवालावर त्यांची सही होती. त्यांच्या कार्यालयात प्रत्येक कागद दोघांनी वाचण्याची पद्धत होती, आणि दुसरा वाचणारा म्हणून त्यांनी तो न वाचता सही केली होती. आता आधी विमा कंपनीला कळवायचं. तिचं उत्तर येण्याआधी चूक लेखी कबूल केली तर विमा हात वर करतो, तसं करारात लिहिलेलं आहे. उत्तर जानेवारीच्या मध्यापर्यंत येईल. तोवर बारा माणसांचं कार्यालय विमा कंपनीच्या एका ओळीवर उभं आहे.

"तोवर काही लिहायचं नाही," ते म्हणाले. "मीही नाही, तुम्हीही नाही."

तिने उताराचं विचारलं. तीन पायऱ्यांवर फळ्या टाकायला काय हरकत आहे. लिंडनर म्हणाले, जागा सुरक्षित असेल तर पर्यायी वाट कशाला, असं संस्था विचारेल, आणि मग आपण काय सांगणार. यावर तिच्याकडे उत्तर होतं. पण ते नेमकं तेच होतं जे लिहायचं नव्हतं.

घरी नवऱ्याने, सिद्धेशने, सगळं ऐकून घेतलं. तो मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात इंजिनियर होता, पण ऑक्टोबरपासून तिथे कुर्झआर्बाइट चालू होतं, म्हणजे काम कमी, दिवस कमी, आणि वसंतात काय होईल ते कुणी सांगत नव्हतं. दोघांचं इथलं राहणं सध्या तिच्या नोकरीवर तोललेलं होतं. दोघांनाही ते माहीत होतं म्हणून दोघंही ते बोलत नव्हते. त्यांची सहा वर्षांची मुलगी उर्जा टेबलाखाली बसून चित्र रंगवत होती. काय काढलंस म्हणून विचारलं की 'विंटर' असं जर्मनमध्ये सांगत होती. कागद नुसता राखाडी होता.

"अगं, चुकीची फाइल लागली. होतं असं," सिद्धेश म्हणाला. "आणि सही त्याची आहे ना? गेनाऊ, अगदी बरोबर. मग त्याला ठरवू दे."

"फाइल चुकली असती तर मला दिसलं असतं," ज्ञानदा म्हणाली. "उन्हाळ्याचा वारा बघून मी 'झालं' म्हटलं. थंडीतला वारा बघायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सात हिवाळे काढलेत मी इथे, सिद्धेश. रोज तोंडावर वारा घेऊन ऑफिसला गेले. आणि कागदावर बसले की सोलापूरच."

मग त्याने विचारलं की आपल्याकडे पावसाळ्याआधी लोक उघड्या ओट्याला काय लावतात.

शनिवारी, १६ तारखेला, त्यांनी बांधकाम सामानाच्या दुकानातून हिरवी ताडपत्री आणि नायलॉनची दोरी आणली. बोळाच्या पश्चिम तोंडाला दोन गोल खांब होते. सिद्धेशने शिडीवर चढून ताडपत्री ताणून बांधली, खालून एका बाजूला माणूस जाईल एवढी झाप मोकळी ठेवली, आणि वाऱ्याने फाटू नये म्हणून मधे चार चिरा दिल्या. दीड तास लागला. पुरस्कार मिळालेल्या इमारतीला ताडपत्री, असं तो शिडीवरून म्हणाला, बाबांना फोटो पाठवू का. ज्ञानदाला हसू आलं आणि लगेच रडू आलं, म्हणून तिने दोरीकडे बघितलं. फ्राउ केस्टनर खिडकीतून पाहत होत्या. हे कशासाठी म्हणून विचारायला त्या बाहेर आल्या तेव्हा ज्ञानदा म्हणाली, एक चाचणी आहे.

रविवारी हिरवा ठिपका. सोमवारी हिरवा. मंगळवारी हिरवा. फ्राउ केस्टनर यांनी तिला फोन करून तिन्ही दिवस सांगितले, आणि मंगळवारी सांगताना त्यांचा आवाज तरुण बाईसारखा येत होता.

मंगळवारी दुपारी हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाने, ताडपत्री उतरवली. बंबाच्या वाटेत अडथळा. तो बरोबर होता. तिने घडी घातलेली ताडपत्री त्याच्याकडून परत घेतली तेव्हा त्याने विचारलं, चाचणीचा निकाल काय. काम चालू आहे, असं ती म्हणाली.

त्या रात्री तिने वडिलांना फोन केला नाही, ते झोपलेले असतील म्हणून. बुधवारी सकाळी केला, सोलापुरात दुपार होती. श्रीपाद यांनी दिवाणखान्यात त्या इमारतीचा फोटो लावला होता, आणि येणाऱ्याला ते बोळ बोटाने दाखवायचे. तिने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं की बाबा, घर काढताना तुम्ही थंडीतल्या वाऱ्याचा कधी विचार केलात का.

"सोलापुरात?" ते हसले. "थंडीत वारा आला तर माणूस उठून खिडकी लावतो. त्याचा काय विचार करायचा."

"आणि लावता आली नाही तर?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. डिसेंबरातही ते पंखा लावून बसायचे.

"लावता न येणारी खिडकी कशाला काढलीस बाळा?" ते म्हणाले.

ती म्हणाली की नंतर करते फोन.

गुरुवारी, २१ तारखेला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, कार्यालयात नाताळाच्या सुटीआधीची शेवटची दुपार होती. कुणीतरी केक आणला होता. चार वाजता हवामान खात्याचा इशारा आला: शुक्रवारी पहाटेपासून गोठणारा पाऊस, पश्चिमेचा जोरदार वारा, शक्यतो घराबाहेर पडू नये. ज्ञानदा लिंडनर यांच्या खोलीत गेली. ते कोट घालत होते. त्यांनी इशारा वाचला, कपाळ चोळलं आणि म्हणाले की संस्था वाळू टाकेल, शिवाय इशारा सगळ्यांना गेला आहे, अशा हवेत म्हातारी माणसं बाहेर पडत नाहीत. ती म्हणाली, एक बाई पडते. ते म्हणाले, मग तिला फोन करा.

तिने फोन केला. फ्राउ केस्टनर यांनी आभार मानले. उद्या जाऊ नका म्हटल्यावर म्हणाल्या की नवरा, होर्स्ट, वाट बघतो, तो दुसरं काही विसरला तरी दहा वाजलेले विसरत नाही. मग मागच्या बाजूने तरी जा, कुणाला तरी पायऱ्यांवर हात द्यायला सांगा, असं ज्ञानदा म्हणाली. त्या म्हणाल्या की त्यांच्या मजल्यावर सगळ्यात धडधाकट त्याच आहेत.

आपल्या टेबलाशी बसून तिने संस्थेला मेल लिहिला. तीन वाक्यं. अहवाल चुकीचा आहे. त्यात हिवाळ्याचे आकडे नाहीत. बोळ चालणाऱ्यांसाठी ताबडतोब बंद करावा आणि गॅरेजकडे उतार बसवावा. मेल तिच्यासमोर पंचवीस मिनिटं होता. सिद्धेशचं कुर्झआर्बाइट, उर्जाची शाळा, बारा माणसं, जानेवारीचा मध्य. शेवटी तिने तो पाठवला नाही, पुसलाही नाही. तिने वेगळा मार्ग काढला. सकाळी आठ दोनची ट्राम पकडायची, सव्वाआठला बोळाशी उभं राहायचं, आणि आठ पस्तीसला फ्राउ केस्टनर यांचा हात धरून त्यांना पलीकडे न्यायचं. परतीलाही तसंच. सोमवारी नाताळ, मंगळवारी सुटी, पण ती रोज जाईल. जानेवारीच्या मध्यापर्यंत म्हणजे चोवीस-पंचवीस दिवस. यात कुणाचं काही जात नव्हतं. त्या संध्याकाळी तिला बऱ्याच दिवसांनी नीट भूक लागली.

शुक्रवारी ती पावणेआठला थांब्यावर होती. सगळं झाडलोट केल्यासारखं चकचकीत होतं, रस्ता, रूळ, फांद्या, थांब्याचं बाक. फलकावर आठ दोनची ट्राम होती, मग ती आठ सातची झाली, मग फलकावर एक लांब वाक्य सरकायला लागलं: विजेच्या तारांवर बर्फ, वाहतूक बंद. तिने टॅक्सीला फोन केला, कुणी उचलला नाही. तिने पिशवीतले सिद्धेशचे जाड लोकरीचे मोजे काढून बुटांवरून चढवले, ही युक्ती तिला इथल्याच एका शेजारणीने शिकवली होती, आणि ती चालायला लागली. अंतर तीन किलोमीटर. वाटेत फोन केला, घंटा वाजत राहिली. फ्राउ केस्टनर यांच्याकडे मोबाइल नव्हता. घरातला फोन वाजतोय याचा अर्थ त्या दाराबाहेर पडल्या.

ट्राम बंद आहे हे त्यांना कळणार होतं थांब्यावर पोचल्यावर. थांबा बोळाच्या पलीकडे होता.

ज्ञानदा पोचली तेव्हा आठ पंचावन्न झाले होते. बोळाच्या मधोमध ढकलगाडी आडवी पडली होती आणि तिचं एक चाक वाऱ्यावर फिरत होतं. फ्राउ केस्टनर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या, एक पाय सरळ, दुसरा नको त्या दिशेला वळलेला. त्यांच्या अंगावर कुणाचा तरी पांढरा कोट होता, तळमजल्यावरचे एक आजोबा बनियनवर स्वेटर घालून शेजारी उभे होते. रुग्णवाहिका बोलावली आहे, रस्ता असा असल्याने उशीर होईल, असं त्यांनी सांगितलं. ज्ञानदा फ्राउ केस्टनर यांच्या पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडाशी बसली. वारा तिच्या पाठीवर आपटत होता, कुणीतरी मागून दार ढकलावं तसा.

"तुम्ही आलात," फ्राउ केस्टनर म्हणाल्या. त्यांचे ओठ निळे पडले होते, पण शब्द स्पष्ट होते. "पर्समध्ये वही आहे. आठ पस्तीस लिहा. पश्चिम. लाल. पेन्सिल आतल्या कप्प्यात आहे."

ज्ञानदाने लिहिलं. गोल नीट आला नाही, तो पुन्हा भरला.

"आता ती होर्स्टकडे घेऊन जा. दहा वाजता. मी नाही गेले तर तो कुणाला विचारणार."

"फ्राउ केस्टनर, तो अहवाल मी केला होता," ज्ञानदा म्हणाली. "तो चुकीचा आहे. मला अकरा तारखेपासून माहीत आहे."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. राग दिसला असता तर बरं झालं असतं. त्या हिशोब लावत होत्या, कोणत्या दिवशी ही माझ्या घरी कॉफी प्यायली, कोणत्या दिवशी ताडपत्री लावली, तिला चाचणी का म्हणाली.

"दहा वाजता," त्या पुन्हा म्हणाल्या आणि डोळे मिटले.

रुग्णवाहिका नऊ अठराला आली. ती अंगणात न शिरता रस्त्यावरच थांबली, बोळात चाकं घसरतील म्हणून. दारं बंद झाल्यावर ज्ञानदाने मोबाइल काढला. कालचा मेल तसाच होता. तिने त्याला चौथं वाक्य जोडलं, आज सकाळी आठ पस्तीसला दुसरी व्यक्ती पडली आहे, आणि पाठवला. प्रत लिंडनरांना.

नऊ सव्वीसला हाउसमाइस्टरचा फोन वाजला. तो बोळाच्या तोंडाशीच उभा होता. ऐकत असताना त्याने एकदा ज्ञानदाकडे पाहिलं. मग तो तळघरात गेला आणि लालपांढऱ्या फितीचं भेंडोळं, दोन मोठ्या प्लायवुडच्या फळ्या आणि ड्रिल घेऊन आला. फीत खांबांना गुंडाळली. फळ्या गॅरेजकडच्या तीन पायऱ्यांवर ठेवल्या, खाली लाकडाचे ठोकळे घातले, स्क्रू मारले, वरून खरखरीत पट्टी चिकटवली. बंब न्यायची वेळ आली तर फीत हाताने तुटते. ज्ञानदाने मोबाइलवर वेळ पाहिली. सगळं मिळून बावीस मिनिटं लागली होती.

लिंडनर यांचा फोन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्यांनी संदेश पाठवला, एकच ओळ, की सोमवारनंतर कार्यालयात येण्याआधी बोलून घ्यावं. तिने सिद्धेशला लिहिलं, पाठवलं मी. त्याचं उत्तर आलं, बरं. आणि थोड्या वेळाने, घरी चालत येऊ नकोस, मी घ्यायला येतो. तिने शुश्रूषागृहाचा पत्ता टाकला.

तीन थांब्यांचं अंतर चालायला तिला बराच वेळ लागला, आणि ती दहा एकवीसला पोचली. परिचारिकेने फ्राउ केस्टनर कुठे आहेत विचारलं, ज्ञानदाने सांगितलं, परिचारिकेने तोंडावर हात ठेवला आणि मग तिला दुसऱ्या मजल्यावर नेलं. हेर केस्टनर खिडकीशी खुर्चीत बसले होते. उंच माणूस, खांदे अजून रुंद, हात मांडीवर मोठ्या पान्यांसारखे ठेवलेले. खिडकीबाहेर राखाडीशिवाय काही नव्हतं. ते घड्याळाकडे बघत होते.

यांनी चाळीस वर्षं टॉवर क्रेन चालवली, परिचारिका हळू आवाजात म्हणाली. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींवर. आता फारसं काही लक्षात राहत नाही, बायकोचं नावसुद्धा नेहमी नाही. पण वारा किती आहे ते रोज विचारतात. वाऱ्याचा आकडा कळला की क्रेनवर दिवा लागतो ना, हिरवा, पिवळा, लाल. फ्राउ केस्टनर रोज येऊन वाचून दाखवतात, मग हे सांगतात, आज काम करायचं की नाही. तेवढं झालं की शांत असतात.

ज्ञानदा त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. बुटांवरचे मोजे भिजून जड झाले होते. तिने वही उघडली. सहा पानांचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये होते, त्यावरून तिने तक्तासुद्धा केला होता, आठवड्यानुसार, रंगांनुसार. आणि हे सगळं या एका माणसाला वाचून दाखवायला लिहिलेलं होतं.

"उशीर झाला," हेर केस्टनर म्हणाले.

"हो."

"किती?"

"आठ पस्तीस," तिने वाचलं. "पश्चिम. लाल."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं. ते खुर्चीत सरळ झाले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे. कामावर नवीन आलेल्या माणसाकडे मुकादम बघतो तसे.

"लाल असताना माणसं खाली होती?"

"होती."

"लाल असताना खाली कुणी नसतं. खाली मोकळं करायचं असतं आधी. हे पहिल्या दिवशी शिकवतात." त्यांनी हाताची मूठ खुर्चीच्या दांड्यावर ठेवली. "आज काम चालू ठेवा असं कुणी सांगितलं?"

परिचारिका पुढे झाली, त्यांना समजावायला. ज्ञानदाने तिला हाताने थांबवलं.

"मी," ती म्हणाली.

मग त्यांनी वहीकडे बोट दाखवलं आणि तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं, लाल ठिपक्याशेजारी, वाचता येईल असं. तिने पेन्सिल घेतली आणि लिहिलं.